ओळ कितवी, आणि शेवट कोठे?

५७ ओळींची एक फाइल आहे. ती संगणकाला वाचावयास दिली असता तो उत्तर देतो की, ५८ व्या ओळीवर चूक आहे. फाइल उघडून पाहावी तर ५८ वी ओळ मुळी अस्तित्वातच नसते. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मंडळींना हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो, आणि पहिल्या खेपेस यंत्रच बिघडले असावे असा संशयही पुष्कळांच्या मनात येऊन गेलेला असतो.

वस्तुतः यंत्र खोटे बोलत नसते. १२ व्या ओळीवर कोणी एक ‘जर’ उघडला आणि तो मिटविणारा शब्द लिहावयाचे राहून गेले. यंत्र त्या शब्दाची वाट पाहत ओळीमागून ओळ वाचीत गेले; फाइल संपली; आणि जेथे वाट पाहणे संपले त्या जागेचा क्रमांक त्याने प्रामाणिकपणे कळविला. चूक जेथे घडली ती जागा निराळी, आणि ती जेथे ध्यानात आली ती जागा निराळी. या दोन जागांमधील अंतर कमी कसे करावे, हा प्रश्न दिसावयास कारकुनी थाटाचा आहे. परंतु त्यामागे साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

शेल म्हणजे माणसाने टंकलिखित केलेली आज्ञा वाचून ती पार पाडणारा मध्यस्थ. रोज रोज त्याच आज्ञा हाताने देण्याचा कंटाळा आला म्हणजे त्या एकाखाली एक लिहून फाइलमध्ये ठेवावयाच्या आणि ती फाइलच शेलच्या हाती द्यावयाची, ही झाली शेल स्क्रिप्ट. तिच्यातील काही आज्ञांचा जुडगा बांधून त्याला नाव दिले की त्यास फंक्शन म्हणतात. यंत्र सुरू होताना, रात्री राखीव प्रती काढताना, नवी प्रणाली बसविताना अशा स्क्रिप्टा कोणाच्याही नजरेआड चालत असतात. त्यांत काही बिघडले म्हणजे सकाळी येणाऱ्या माणसाच्या हाती नोंदवहीतील एक वाक्य आणि एक ओळ क्रमांक एवढाच दुवा उरतो.

आरंभीच्या काळी ओळ ही हातात धरता येण्याजोगी वस्तू होती. आयबीएमच्या पंच कार्डावर ८० रकाने असत, आणि एका कार्डावर आज्ञावलीची एक ओळ मावे. फोरट्रान भाषेने त्यांपैकी पहिले ७२ रकाने आपल्याकडे घेतले. कारण ज्या ७०४ क्रमांकाच्या यंत्रासाठी ती १९५७ साली सिद्ध झाली, त्याचा कार्डवाचक ७२ च रकाने वाचू शके. उरलेले ८ रकाने लिहिणाऱ्यास मोकळे राहिले, आणि त्यांचा रूढ उपयोग ठरून गेला तो कार्डाचा अनुक्रमांक पाडण्याचा. शेकडो कार्डांचा गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला, तर वर्गीकरण यंत्रातून तो पुन्हा क्रमवार लावून घेता येई. ज्यांना क्रमांक पाडण्याचा आळस असे ते गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढून ठेवीत. कार्ड जागचे हलले की रेघ तुटलेली दिसे!

१९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा प्रचारात आणली. तिच्यातही क्रमांक ओळीला चिकटलेलाच होता, आणि तो लिहिणाऱ्याने स्वतः द्यावयाचा असे. शहाणा विद्यार्थी १०, २०, ३० अशा टप्प्यांनी क्रमांक देई, म्हणजे मागाहून सुचलेली ओळ १५ क्रमांकाने मध्ये घालता येई. अशा व्यवस्थेत क्रमांक हे त्या ओळीचे नावच असते. पाठभेदांचा प्रश्न सोडला तर ज्ञानेश्वरीतील अध्याय आणि ओवी सांगितल्यावर प्रत कोणत्याही छापखान्याची असो, ओवी हाती लागते. त्याच जातीचा हा क्रमांक होय.

युनिक्सने हा सांधा तोडला. न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेने मल्टिक्स नावाच्या अवजड प्रकल्पातून १९६९ साली अंग काढून घेतले, आणि त्याच वर्षी तेथील केन टॉम्प्सन यांनी एका बाजूला पडलेल्या लहानशा पीडीपी-७ यंत्रावर नव्या प्रणालीचा पाया घातला. डेनिस रिची हे त्यांचे मुख्य सहकारी. या प्रणालीत फाइल म्हणजे केवळ अक्षरांचा प्रवाह. त्याला रकाने नाहीत, कार्डे नाहीत, क्रमांक नाहीत. ओळसमाप्तीचे एक चिन्ह तेवढे असते, आणि अशा दोन चिन्हांच्या मध्ये जे येईल ती ओळ. क्रमांक कोठेच लिहून ठेवलेला नसल्यामुळे तो विचारला जाईल तेव्हा आरंभापासून मोजून काढावयाचा. टॉम्प्सन यांनी मजकूर लिहिण्यासाठी केलेल्या ‘एड’ या साधनात ही विचारणा एका बरोबरीच्या चिन्हाने करता येई. ‘ही ओळ कितवी?’ या प्रश्नाचा याहून संक्षिप्त उच्चार संभवत नाही. त्या वेळची टेलिटाइप यंत्रे सेकंदास दहा अक्षरे छापीत, त्यामुळे एका चिन्हाची काटकसरही तेथे मोलाची होती.

मोजून काढलेला क्रमांक मात्र टिकाऊ नसतो. पाचवी ओळ खोडली की सहावी तत्क्षणी पाचवी होते, आणि खालच्या सर्व ओळींचे क्रमांक एकेकाने घसरतात. डग्लस मॅक्इलरॉय यांनी जेम्स हंट यांच्या सहकार्याने सिद्ध केलेला ‘डिफ’ हा कार्यक्रम दोन फाइलींतील फरक दाखवितो, आणि हवे असल्यास एका फाइलीची दुसरी बनविण्यासाठी एडला द्यावयाच्या आज्ञाही लिहून देतो. या आज्ञा तो फाइलीच्या तळापासून वरच्या दिशेने लिहितो. तळाची दुरुस्ती आधी केली म्हणजे वरचे क्रमांक अबाधित राहतात. ज्याने ही युक्ती प्रथम योजली त्याला ओळ क्रमांकाचा स्वभाव पुरता उमगला होता.

याच प्रयोगशाळेत ली मॅक्मेहन यांना अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिल्या गेलेल्या फेडरलिस्ट लेखमालेचा भाषिक अभ्यास करावयाचा होता. तेवढा मजकूर एडच्या पोटात मावेना. तेव्हा टॉम्प्सन यांनी एडमधील शोधाचा भाग वेगळा काढून ‘ग्रेप’ हे स्वतंत्र साधन त्यांच्या हाती ठेवले. १९७३ सालच्या चौथ्या आवृत्तीत ते सर्वांना मिळाले. दिलेला शब्द कोणत्या ओळीत आहे ते ग्रेप दाखवितो, आणि सांगितले असता त्या ओळीचा क्रमांकही पुढे जोडतो. पुढे मॅक्मेहन यांनी स्वतः ‘सेड’ हे साधन लिहिले. प्रवाह वाहत असतानाच त्यात बदल करणारे हे साधन. त्यातही बरोबरीचे चिन्ह क्रमांक सांगते. १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांच्या आद्याक्षरांचे नाव घेऊन ‘ऑक’ आला, आणि त्याने वाचलेल्या ओळींची चालू मोजणी एका नावाखाली कायम हाताशी ठेवली. एकाहून अधिक फाइली वाचताना ही मोजणी वाढतच जाई. प्रत्येक फाइलीसाठी नव्याने एकापासून मोजणारी दुसरी संज्ञा ऑकच्या १९८५ मधील नव्या रूपात आली.

मोजणीच्या या साधनांत काही चकवेही आहेत. ‘डब्ल्यूसी’ हा कार्यक्रम ओळी मोजतो असे म्हणतात. खरे पाहता तो ओळसमाप्तीची चिन्हे मोजतो. शेवटच्या ओळीनंतर ते चिन्ह घालावयाचे राहिले असेल तर डोळ्यांना ५७ ओळी दिसत असताना तो ५६ सांगतो. ‘एनएल’ हा कार्यक्रम तर क्रमांक घालण्यासाठीच जन्मास आला. परंतु वेगळे सांगितल्यावाचून तो कोऱ्या ओळींना क्रमांकच देत नाही. याउलट बर्कली विद्यापीठातील मंडळींनी ‘कॅट’ या साध्या साधनाला क्रमांक घालण्याची जी सोय जोडली ती कोऱ्या ओळीही धरते. शेलने सांगितलेली ४० वी ओळ जर कोणी एनएलच्या छापील यादीत शोधू लागला, तर तो भलत्याच ओळीवर जाऊन थबकतो आणि निर्दोष आज्ञेची उलटतपासणी करीत बसतो. बेल प्रयोगशाळेतील रॉब पाइक यांनी १९८३ साली कॅटला अशी उपांगे जोडण्याच्या वृत्तीवर जाहीर टीका केली. त्यांचा मुद्दा तत्त्वतः रास्त होता. पण चूक शोधणाऱ्या माणसाला त्या उपांगाचाच आधार वाटतो, हेही तितकेच खरे.

आता शेलकडे वळावयास हवे. लुई पूझाँ हे फ्रेंच अभियंते १९६३-६४ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करीत होते. आज्ञांची फाइल वाचून त्या पार पाडणारा ‘रनकॉम’ हा कार्यक्रम त्यांनी तेथे लिहिला, आणि ‘शेल’ हे नावही त्यांचेच. टॉम्प्सन यांनी १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये जे शेल दिले ते अगदी लहान होते. त्याला स्क्रिप्टची ओळ कितवी हे ठाऊक नसे. ठाऊक असण्याची त्याला गरजही नव्हती. पुस्तकात ठेवलेल्या दोऱ्याप्रमाणे फाइलीत वाचनाची एक खूण असे. शेल तिच्यापुढची ओळ वाची, आज्ञा पार पाडी आणि झाले गेले विसरून जाई. एखाद्या ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारावयाची असली तर ‘गोटू’ ही आज्ञा होती, आणि मौज अशी की ती शेलचा भाग नव्हतीच. तो एक स्वतंत्र कार्यक्रम होता. तो फाइल आरंभापासून वाचीत जाई, विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारी इच्छित खुणेची ओळ सापडली की तेथेच थांबे आणि निघून जाई. वाचनाची खूण दोघांत समाईक असल्याने शेल जागे होऊन पुढची ओळ वाची ती त्या नव्या जागेवरची. आपली जागा बदलली गेली याचा शेलला पत्ताही नसे.

या जुन्या रीतीचा अंश आजही उरला आहे. बॅश हे शेल चालू स्क्रिप्ट सगळी एकदम वाचून घेत नाही; जसजसे काम पुढे जाते तसतसे वाचते. म्हणून स्क्रिप्ट चालू असताना कोणी तिच्या वरच्या भागात चार शब्द वाढविले, तर खूण जागच्या जागी राहते आणि मजकूर तिच्याखालून सरकतो. मग शेल एखाद्या आज्ञेच्या मध्यापासून वाचावयास लागते आणि काय करील याचा नेम राहत नाही. अनुभवी लोक यावर एक उपाय करतात: स्क्रिप्टचा सारा मजकूर एका मुख्य फंक्शनात घालतात आणि ते फंक्शन अगदी शेवटच्या ओळीवर बोलावतात. फंक्शन पुरते वाचून झाल्याखेरीज शेलला ते चालविता येत नाही, त्यामुळे फाइल आधी वाचून होते आणि मगच कामाला हात लागतो.

केंब्रिजमध्ये अल्गॉल ६८ या भाषेवर काम करून आलेले स्टीफन बोर्न यांनी बेल प्रयोगशाळेत नवे शेल लिहिले. ते १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले. ‘जर’साठी जो शब्द उघडावा तोच उलटा लिहून मिटवावा, ही अल्गॉलची लकब त्यांनी शेलमध्ये आणली. सुरुवातीला सांगितलेला न मिटलेला ‘जर’ हा त्यांच्याच कुळातला. या शेलने आपण कितव्या ओळीवर आहोत याची मोजणी ठेवली, आणि व्याकरणात चूक आढळली तर तो क्रमांक छापण्याची व्यवस्था केली. पण हे ज्ञान शेलपाशीच राहिले. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते मागता येत नव्हते.

ती सोय डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने दिली. कॉर्न हेही बेल प्रयोगशाळेतलेच. त्यांच्या शेलच्या १९८८ च्या आवृत्तीत ‘लाइननो’ या नावाचे एक चल आढळते. त्याचे मूल्य विचारावे, तर ती विचारणा ज्या ओळीवर लिहिली असेल त्या ओळीचा क्रमांक मिळतो. १९९२ च्या पॉसिक्स मानकानेही या चलाला जागा दिली. मानकाचे शब्द मात्र असे पडले की, हा क्रमांक स्क्रिप्टमधील अथवा फंक्शनमधील ओळीचा असेल. या एका ‘अथवा’ने पुढे पुष्कळ घोटाळा माजविला. झेड शेल फंक्शनात शिरल्यावर एकापासून पुन्हा मोजू लागते. बॅश स्क्रिप्टमधील फंक्शनातही फाइलीतलाच क्रमांक सांगते. दोघेही मानकाला धरून आहेत! सरकारी परिपत्रकांतील अशा अव्ययांनी काय काय घडते याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

काही शेलांना तर हे चल पुष्कळ वर्षे ठाऊकच नव्हते. आपल्या आज्ञावली नाना प्रकारच्या यंत्रांवर बसाव्यात म्हणून ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन ज्या लांबलचक स्क्रिप्टा तयार करून देते, त्यांनी यावर जो मार्ग काढला तो ऐकण्यासारखा आहे. अशी स्क्रिप्ट प्रारंभी आपल्याला चालविणाऱ्या शेलची परीक्षा घेते. त्याला ओळ मोजता येत नाही असे दिसले, तर ती सेडच्या साहाय्याने स्वतःची एक नक्कल तयार करते. त्या नकलेत जेथे जेथे ‘लाइननो’ हा शब्द असेल तेथे प्रत्यक्ष ओळीचा आकडा घातलेला असतो. मग मूळ स्क्रिप्ट बाजूला होते आणि ती आकडे घातलेली नक्कल चालू लागते. पंच कार्डाच्या ७३ व्या रकान्यापासून सुरू होणारा तो चिकटलेला क्रमांक येथे मागच्या दाराने परत आला म्हणावयाचा. सेडच्या दुर्बोध चिन्हांनी भरलेल्या त्या ओळींवर कोणा लेखकाने एक टीप ठेवली आहे, आणि या लिपीचा दोष ली मॅक्मेहन यांच्या माथी थट्टेने मारला आहे. टिपेत त्यांची जन्ममृत्यूची वर्षेही दिली आहेत: १९३१ ते १९८९. फेडरलिस्ट लेखांचा तो अभ्यासक असा असंख्य फाइलींत नावानिशी उरला आहे.

फंक्शनाचा प्रश्न याहून बिकट. बोर्न यांच्या मूळ शेलमध्ये फंक्शने नव्हतीच. ती १९८४ मध्ये सिस्टिम फाइव्हच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. फंक्शन कोठे सुरू होते हे शोधणे सोपे असते: नाव, त्यापुढे साध्या कंसांची रिकामी जोडी, आणि मग उघडणारा महिरपी कंस. ग्रेपला हे सांगितले की तो सर्व आरंभांची क्रमांकवार यादी देतो. पण लांबी काढावयाची तर शेवट हवा. आणि शेवटचा महिरपी कंस शोधावयास गेले की पाय घसरू लागतो.

शेलच्या व्याकरणात महिरपी कंस हे विरामचिन्ह नव्हे. तो एक शब्द आहे, आणि आज्ञेच्या आरंभी आला तरच त्याला अर्थ असतो. छापावयाच्या मजकुरात तो आला तर तो निव्वळ छापला जातो. अवतरणचिन्हांत, टिपेत, किंवा स्क्रिप्टमध्येच ठेवलेल्या एखाद्या लांब पत्राच्या मसुद्यात तो ओळीच्या अगदी आरंभी येऊन बसला, तरी त्याचा फंक्शनाशी संबंध नसतो. शिवाय काही फंक्शने महिरपी कंसाऐवजी साध्या कंसात बांधलेली असतात, काही कॉर्नच्या पद्धतीने निराळ्या शब्दाने सुरू होतात, तर काही एखाद्या ‘जर’च्या पोटात जन्म घेतात. सेड किंवा ऑक यांना ‘या नावापासून डाव्या कडेला लागलेल्या पहिल्या मिटत्या कंसापर्यंत’ असे सांगून ओळी मोजविण्याची रीत सर्रास आहे, आणि ती बहुधा उपयोगी पडते. मात्र ती लिहिणाऱ्याच्या नीटनेटकेपणावर विसंबलेली आहे. व्यवस्थित मांडणी करणाऱ्याच्या स्क्रिप्टेत तिचे उत्तर बिनचूक येते. गबाळ्याच्या स्क्रिप्टेत, म्हणजे जेथे मोजण्याची खरी गरज असते तेथे, ती फसते.

खरा शेवट शेललाच ठाऊक असतो. मग त्यालाच का विचारू नये? बॅश हे शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये लिहिले, आणि पुढे त्याचा सांभाळ ओहायोतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे चेट रेमी यांनी केला. त्याला एखादे फंक्शन दाखवावयास सांगितले तर ते दाखवितेही. पण ते मूळ मजकूर दाखवीत नाही. फंक्शन वाचल्याबरोबर बॅश त्याचा विग्रह करून अर्थाचा आराखडा तेवढा मनात ठेवते आणि शब्दांची मांडणी टाकून देते. विचारले असता त्या आराखड्यावरून ते नवा मजकूर रचते: टिपा गळालेल्या, कोऱ्या ओळी गेलेल्या, एका ओळीत कोंबलेल्या आज्ञा सुट्या झालेल्या. अशा मजकुराच्या ओळी मोजल्या तर येणारा आकडा लेखकाच्या फाइलीतला नसतो. अर्थात तो सर्वस्वी निरुपयोगी म्हणता येत नाही. आपल्याकडील हस्तलिखितांत लेखनिक शेवटी ‘ग्रंथाग्र’ लिहीत, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून ग्रंथाची लांबी नोंदवीत. पानाचा आकार आणि अक्षराचे वळण बदलले तरी ती संख्या बदलत नसे. दोन निराळ्या हातांनी लिहिलेल्या फंक्शनांची तुलना करावयाची असेल, तर बॅशने पुन्हा रचलेल्या मजकुराची मोजणीच अधिक न्याय्य ठरते.

जागेची नोंद ठेवण्याची सोय २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. चुका शोधण्याच्या साधनांसाठी म्हणून जी एक विशेष अवस्था बॅशमध्ये घालण्यात आली, ती चालू केली असता फंक्शनाचे नाव, ते ज्या ओळीवर सुरू झाले तिचा क्रमांक आणि फाइलीचे नाव अशा तिन्ही गोष्टी शेल स्वतः सांगते. कोणत्या फंक्शनाने कोणाला कोणत्या ओळीवरून बोलावले याची साखळीही तेव्हापासून हाती लागू लागली. शेवटचा क्रमांक मात्र ते अजूनही देत नाही.

शेवट ठाऊक असणे आणि शेवटी थांबणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे २०१४ च्या सप्टेंबरात साऱ्या जगाला कळून आले. बॅशमध्ये एक सोय अशी होती की, एका शेलमधील फंक्शन त्यातून जन्मलेल्या दुसऱ्या शेलला वारशाने देता येई. त्यासाठी फंक्शनाचा मजकूर एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे एका कार्यक्रमाकडून दुसऱ्याकडे आपोआप जाणाऱ्या नावांच्या आणि मूल्यांच्या संचातून पाठविला जाई. नवे शेल सुरू होताना एखादे मूल्य साध्या कंसांच्या जोडीने आणि महिरपी कंसाने सुरू होताना दिसले की ते फंक्शन आहे असे समजून शेल ते वाची. मिटता कंस आल्यावर फंक्शन संपे. शेल मात्र संपत नसे. कंसापुढे आणखी काही लिहिलेले असेल तर तेही आज्ञा म्हणून वाची आणि तत्काळ पार पाडी.

एरवी ही चूक घरगुती ठरली असती. परंतु वेब सर्व्हर जुन्या एका पद्धतीनुसार पाहुण्याने पाठविलेली माहिती, त्याच्या ब्राउझरचे नावसुद्धा, याच एन्व्हायर्नमेंटमधून पुढे देत असत. तेव्हा ब्राउझरच्या नावाच्या जागी एक रिकामे फंक्शन आणि त्याच्या मिटत्या कंसापुढे हवी ती आज्ञा लिहून पाठविली की जगाच्या दुसऱ्या टोकावरचे यंत्र ती निमूटपणे पाळी. स्तेफान शाझेला यांनी हा दोष शोधून प्रथम रेमी यांना खाजगीरीत्या कळविला. २४ सप्टेंबर रोजी तो प्रसिद्ध झाला आणि ‘शेलशॉक’ या नावाने गाजला. त्याची तीव्रता दहापैकी दहा ठरविण्यात आली. पहिली दुरुस्ती अपुरी पडली, मागोमाग आणखी दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि अखेरीस फंक्शने वाहून नेणाऱ्या नावांना निराळी खूण लावण्यात आली, म्हणजे कोणतेही परके मूल्य फंक्शन म्हणून वाचले जाऊ नये. हा दोष १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, बॅशमध्ये होता. बॅशची मूळ संहिता त्या सर्व काळात कोणालाही वाचावयास खुली होती.

फंक्शन किती ओळींचे असावे, याविषयीही मते आहेत. जुन्या पडद्यांवर २४ ओळी आणि ८० रकाने मावत; हे ८० पंच कार्डावरूनच आलेले. लिनक्सच्या गाभ्यासाठी लिहिणाऱ्यांना दिलेल्या नियमांत, फंक्शन अशा एक-दोन पडद्यांत मावावे असे सांगितले आहे. गूगल कंपनीच्या शेलविषयक नियमावलीत तर स्क्रिप्ट १०० ओळींच्या पलीकडे गेली तर ती दुसऱ्या, अधिक शिस्तीच्या भाषेत लिहावी, असा सल्ला आहे. हे आकडे पाळण्यापेक्षा मोडलेच अधिक जातात. तथापि त्यांच्यामागील चिंता पोकळ नाही. २०१५ च्या जानेवारीत संगणकावरील खेळ पुरविणाऱ्या एका प्रसिद्ध प्रणालीच्या लिनक्सवरील स्क्रिप्टने एका ग्राहकाच्या मालकीच्या सर्व फाइली, बाहेरून जोडलेल्या डिस्कवरील राखीव प्रतींसह, पुसून टाकल्या. त्या स्क्रिप्टच्या आरंभी प्रणालीची जागा शोधून ती एका चलात ठेवली जाई. शेकडो ओळी खाली, पुनःस्थापनेच्या एका फंक्शनात, त्या जागेखालचे सर्व काही पुसण्याची आज्ञा होती. ग्राहकाने फोल्डर दुसरीकडे हलविला होता. वरचा शोध निष्फळ होऊन चल रिकामे राहिले. आणि खालच्या आज्ञेचा अर्थ ‘मुळापासून सर्व पुसा’ असा झाला. त्या आज्ञेच्या लगेच वरच्या ओळीवर लिहिणाऱ्याने एका शब्दाची टीप ठेवली होती, आणि तिचा आशय ‘भीतिदायक’ असा होता. धोका त्याला दिसला होता; धोक्याचे कारण मात्र इतक्या ओळी वर होते की दोन्ही एका पडद्यावर कधी आलेच नसावेत. शेलने या प्रकारात पुसण्याची ती आज्ञा नाकारली नाही, कारण व्याकरणदृष्ट्या ती शुद्ध होती.

विदार होलेन यांनी २०१२ मध्ये लिहावयास घेतलेले ‘शेलचेक’ हे साधन स्क्रिप्ट न चालविता तिचा संपूर्ण विग्रह करते. रिकाम्या राहू शकणाऱ्या चलाच्या आधारे पुसण्याची अशी आज्ञा त्याला आढळली, तर ओळ आणि रकाना दोन्ही सांगून ते इशारा देते, आणि चल रिकामे असल्यास तेथेच थांबावे यासाठी त्या ओळीत कोणती चिन्हे वाढवावीत तेही लिहून दाखविते. न मिटलेला ‘जर’ समोर आला असता ते फाइलीच्या शेवटाबरोबर तो ‘जर’ जेथे उघडला ती ओळही दाखविते.